पृच्छेपासून पडद्यापर्यंत : मोबाईल ॲपमध्ये नोंदी कशा येतात व कशा दाखवाव्यात

कापसाच्या हंगामात आदिलाबाद जिल्ह्यातील शेतकऱ्याला हल्ली दोन गोष्टी पाहून घराबाहेर पडावे लागते. एक म्हणजे आभाळ आणि दुसरी मोबाईलचा पडदा. आभाळाचे कारण जुनेच आहे. कापसातील ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत भाव कापला जातो, आणि बाराच्या वर गेलेला कापूस भारतीय कापूस महामंडळ घेत नाही. पडद्याचे कारण मात्र नवे आहे. २०२५-२६ च्या हंगामापासून महामंडळाने ‘कपास किसान’ नावाचे मोबाईल ॲप सुरू केले. शेतकऱ्याने आधार क्रमांकावर आपली नोंदणी करावयाची, कापसाखालील जमिनीचा तपशील द्यावयाचा आणि विक्रीसाठी खरेदी केंद्रावरील दिवस निवडावयाचा, अशी ही पद्धत आहे. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसास क्विंटलमागे रु. ८,११० आणि मध्यम धाग्याच्या कापसास रु. ७,७१० हमीभाव होता. खासगी बाजारातील भाव याहून खाली उतरला की ॲपमध्ये आपले नाव दिसते किंवा नाही, यावर वर्षाच्या मेहनतीचा हिशेब अवलंबून राहतो.

आता अशी कल्पना करावी की, बेला किंवा जैनद मंडलातील एक शेतकरी पहाटे गाडी भरून उभा आहे. तो ॲप उघडतो, आपला क्रमांक घालतो, आणि पडदा कोराच राहतो. या कोऱ्या पडद्याचा अर्थ त्याने काय घ्यावा? उत्तर अजून वाटेवर असेल. उत्तर आणावयास गेलेला निरोप मध्येच अडकला असेल. किंवा खरोखरच त्याच्या नावाची नोंद नसेल. पहिल्या प्रसंगी त्याने दोन मिनिटे थांबावे, दुसऱ्या प्रसंगी पुन्हा विचारावे आणि तिसऱ्या प्रसंगी कृषी विस्तार अधिकाऱ्याकडे जावे. तिन्ही प्रसंगी पडदा सारखाच कोरा दिसत असेल, तर तो बहुधा तिसराच अर्थ घेईल व माल मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याला देऊन मोकळा होईल. डेटाबेसमधील माहिती मोबाईलवर आणून दाखविण्याचे शास्त्र हा वरवर पाहता संगणकतज्ज्ञांचा विषय आहे. परंतु त्याचे परिणाम असे थेट गाडीच्या चाकापर्यंत पोहोचतात. म्हणून त्याची ओळख ॲप तयार करवून घेणाऱ्या अधिकाऱ्यांना, ते वापरणाऱ्या ग्रामस्थांना आणि तो विषय वर्गात समजावून सांगणाऱ्या शिक्षकांना असणे इष्ट होय. पुढील विवेचनात उदाहरणासाठी एका मंडलातील शेतकऱ्यांच्या नोंदी दाखविणारे एक लहानसे ॲप कल्पिले आहे. ते कोणत्याही प्रत्यक्ष ॲपचे वर्णन नव्हे.

बस्ता आणि सूची

आपल्या भागातील वृद्ध मंडळींना पटवाऱ्याचा बस्ता आठवत असेल. कापडी रुमालात बांधलेले पहाणी पत्रकांचे गठ्ठे, प्रत्येक पानावर आडव्या ओळी आणि उभे रकाने : सर्व्हे नंबर, क्षेत्र, कब्जेदार, पीक. संयुक्त आंध्र प्रदेशात ही वंशपरंपरागत ग्रामाधिकाऱ्यांची पदे १९८४ मध्ये रद्द झाली. पुढे नोंदी संगणकावर गेल्या. तेलंगणात २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ‘धरणी’ आणि १४ एप्रिल २०२५ रोजी ‘भूभारती’ ही संकेतस्थळे सुरू झाली. साधने बदलली तरी ओळ आणि रकाना यांचे नाते बदलले नाही. संगणकातील डेटाबेसही अशाच तक्त्यांचा बनलेला असतो. या तक्त्यांना शास्त्रीय पाया ई. एफ. कॉड या संशोधकाने जून १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाने घालून दिला. भारतीय कापूस महामंडळाची स्थापनाही १९७० चीच. हा निव्वळ योगायोग असला तरी, एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन गोष्टी पंचावन्न वर्षांनी शेतकऱ्याच्या खिशात एकत्र आल्या, ही मौज नमूद करण्याजोगी आहे.

डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नास पृच्छा किंवा क्वेरी म्हणतात. पृच्छा म्हणजे पटवाऱ्यापुढे ठेवलेला अर्जच होय. ‘अमुक गावातील, अमुक सर्व्हे नंबरच्या, चालू हंगामातील कापसाच्या नोंदी द्याव्यात, आणि त्या अमुक क्रमाने लावाव्यात’ एवढे तिच्यात असते. अर्ज मोघम असला की सबंध रुमाल सोडावा लागतो. नेमका असला की एक पान पुरते. ‘सर्व काही पाठवा, त्यातून हवे ते आम्ही मोबाईलवर निवडू’ अशी पृच्छा लिहिणे हा नवशिक्या ॲपकारांचा नित्याचा दोष आहे. शहरातील जलद जोडणीवर तो खपून जातो. उटनूर, नारनूरकडील डोंगराआडच्या वस्तीत, जेथे एकेक अक्षर वाट काढीत येते, तेथे तो उघडा पडतो. शिवाय एका माणसाच्या प्रश्नासाठी सबंध गावाची माहिती त्याच्या मोबाईलवर उतरविणे हे औचित्यालाही धरून नाही.

नेमका अर्ज आला तरी पान लवकर सापडण्यासाठी सूची लागते. सूची नसेल तर डेटाबेस पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत जातो. सूची असेल तर शब्दकोशात आपण जसे मधले पान उघडून पुढे की मागे एवढेच ठरवितो, तसे तो करतो. दर वेळी निम्मा भाग गळत असल्यामुळे दहा लाख नोंदींतून एक नोंद सुमारे वीस पायऱ्यांत हाती लागते. ज्या रकान्यावरून लोक वारंवार विचारणा करणार, त्याची सूची आधीच तयार ठेवली पाहिजे. काम ॲप बनविणाऱ्याचे. पण कोणत्या रकान्यावरून लोक विचारतील हे गाव ओळखणारा अधिकारीच सांगू शकतो.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. नावावरून शोध घेणे लोकांना सोपे वाटते, तथापि आमच्या सीमाभागात ते फार फसवे आहे. एकच माणूस तेलुगू नोंदीत एका प्रकारे, मराठी शाळेच्या दाखल्यात दुसऱ्या प्रकारे आणि बँकेच्या पुस्तकात इंग्रजी लिपीत तिसऱ्या प्रकारे लिहिलेला असतो. आपल्या कानाला ती तिन्ही नावे एक आहेत. यंत्राच्या लेखी तेलुगू लिपी आणि देवनागरी लिपी यांचे संकेतांक पूर्णपणे वेगळे असल्यामुळे ती तीन माणसे ठरतात. एकाच नावाची अनेक माणसे असण्याचा गोंधळ तर निराळाच. आदिलाबादेत ‘सी.सी.आय.’ ही आद्याक्षरे उच्चारली की कापूस विकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक संस्था येते आणि जुन्या शहरवासीयाच्या डोळ्यांपुढे बंद पडलेला सिमेंटचा कारखाना! म्हणून प्रत्येक नोंदीला तिचा असा एकमेव क्रमांक असावा, आणि शेवटची खात्री नावावरून न करता त्या क्रमांकावरून करावी.

वर्णक्रमाबाबतही असेच. मराठी कोशात ‘ळ’ हे अक्षर ‘ह’ नंतर येते. यंत्राच्या संकेतांकांत ते ‘ल’ ला चिकटून बसले आहे. भाषेचा क्रम कोणता धरावयाचा हे पृच्छेत स्पष्ट सांगितले नाही तर यादी मराठी वाचकाला विस्कटलेली वाटते. सर्व्हे नंबर आकडा म्हणून न साठविता अक्षरे म्हणून साठविले की ‘१०’ हा ‘९’ च्या आधी येतो, ही त्यातलीच एक गंमत. शेतकरी यादीत नऊनंतर दहा शोधतो, सापडत नाही, आणि आपली जमीन कागदावरून उडाली असे समजतो.

खिडकीवरील कारकून

पृच्छा सर्व्हरकडे पोहोचली, उत्तर निघाले. ते मोबाईलवर येईपर्यंत मोबाईलने काय करीत राहावे?

मोबाईल ॲपमध्ये पडदा रंगविण्याचे व बोटाच्या स्पर्शाची दखल घेण्याचे काम एकच मुख्य कार्यधारा करीत असते. तिला कचेरीच्या खिडकीवर बसलेला कारकून समजावे. साधारण मोबाईलवर पडदा सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावा लागतो, म्हणजे एका खेपेस सोळा सहस्रांश सेकंदांच्या आसपास अवधी मिळतो. अशा कारकुनाला ‘तूच आत जाऊन दप्तर काढून आण’ असे सांगितले तर खिडकी ओस पडते. बोट लावले तरी हालचाल नाही, यादी सरकत नाही, मागे जाता येत नाही. अँड्रॉइड मोबाईलमध्ये स्पर्शाला पाच सेकंदांपर्यंत उत्तर मिळाले नाही तर ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी सूचना झळकते, आणि बहुतेक लोक ते बंद करून टाकतात. २०११ साली आलेल्या अँड्रॉइडच्या तिसऱ्या आवृत्तीपासून मुख्य कार्यधारेतून इंटरनेटवर जाण्यास बंदीच घालण्यात आली. म्हणून दप्तरखान्यात जाण्यासाठी स्वतंत्र शिपाई नेमावा, म्हणजेच पृच्छेचे काम पार्श्वभूमीवरील दुसऱ्या कार्यधारेकडे द्यावे, आणि उत्तर आले की ते खिडकीवरील कारकुनाच्या हाती ठेवावे, असा नियम आहे. पडद्यावर काय लिहावयाचे ते कारकूनच लिहितो. शिपाई परस्पर लिहू लागला तर घोटाळा होतो.

शिपाई आत गेला असता खिडकीवर ‘माहिती आणत आहोत’ अशी पाटी लागली पाहिजे. शिपाई परत येऊ शकला नाही तर ‘सर्व्हरशी संपर्क झाला नाही, आपल्या नोंदीबाबत काहीही कळलेले नाही, पुन्हा प्रयत्न करावा’ असे स्वच्छ लिहावे, खाली पुन्हा विचारण्याचे बटण असावे. शिपाई रिक्त हस्ताने परतला, म्हणजे उत्तर आले पण त्यात एकही ओळ नाही, तर ‘या क्रमांकाखाली नोंद आढळली नाही’ असे सांगून नोंदीसाठी कोणाकडे जावे हेही सांगावे. लेखारंभी वर्णिलेल्या कोऱ्या पडद्यावरचा हा सगळा उपाय आहे. त्याला फार खर्च येत नाही, फार बुद्धीही लागत नाही. फक्त ॲप तपासून घेणाऱ्या अधिकाऱ्याने मोबाईलचे इंटरनेट बंद करून ते एकदा उघडून पाहावयास हवे. कचेरीतील उत्तम जोडणीवर पाहून पसंती देण्याची सवय मोडणे अगत्याचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

यातच आणखी एक बारकावा दडलेला आहे. शेतकऱ्याने घाईत सर्व्हे नंबर ४५ घातला, चूक लक्षात येताच ५४ घातला. दोन शिपाई गेले. दुसरा लवकर परतला व ५४ ची माहिती पडद्यावर आली. तेवढ्यात रेंगाळलेला पहिला शिपाई येतो आणि ४५ ची माहिती तिच्यावर चिकटवितो. वर रकान्यात ५४ दिसते, खाली जमीन दुसऱ्याची! नवा प्रश्न विचारला गेला की जुन्या प्रश्नाचे उत्तर रद्द समजावे, एवढी एक ओळ आज्ञावलीत न लिहिल्यामुळे हा अनर्थ होतो.

रहाटाचे पोहरे

उत्तरात पाच-दहा ओळी असतील तर त्या दाखविणे सोपे. गावाच्या यादीत हजार ओळी असल्या तर? पडद्यावर एका वेळी जेमतेम आठ-दहा मावतात. हजार ओळींची हजार चित्रे आधीच काढून ठेवणे म्हणजे स्वस्त मोबाईलचा जीव घेणे होय. येथे ॲपकार जी युक्ती करतात ती आपल्या जुन्या रहाटाशी अगदी जुळते. रहाटाला मोजकेच पोहरे असतात. वर आलेला पोहरा पाणी ओतून रिकामा होतो, खाली जातो, नवे पाणी घेऊन पुन्हा वर येतो. मोबाईलमध्येही पडद्यावर मावतील त्याहून थोड्याच अधिक ओळींच्या चौकटी तयार करतात. बोटाने यादी वर सरकविली की वरून निसटलेली चौकट खाली येते आणि तिच्यात पुढच्या माणसाची माहिती भरली जाते. विहिरीत पाणी कितीही असो, पोहरे तेवढेच.

पोहरा पुरता रिकामा झाला नाही तर मात्र आधीचे पाणी नव्यात मिसळते. समजा, पहिल्या शेतकऱ्यापुढे ‘मंजूर’ अशी हिरवी खूण होती. तीच चौकट खाली तेराव्या शेतकऱ्यासाठी आली. त्याचा अर्ज प्रलंबित आहे, म्हणून आज्ञावलीने नवी खूण काढली नाही. पण जुनी पुसलीही नाही. तेराव्याला आपला अर्ज मंजूर दिसू लागतो. डेटाबेसमध्ये चूक नाही, पृच्छेत चूक नाही, सर्व्हरने बरोबरच उत्तर दिले. चूक केवळ दाखविण्यातली आहे. तो बिचारा गाडी घेऊन केंद्रावर जातो आणि तेथील कर्मचारी त्याला खोटे पाडतो. अशी तक्रार आली तर नोंद तपासून ‘आमच्याकडे सर्व ठीक आहे’ असे उत्तर देऊन थांबू नये. यादी वरखाली सरकवून पाहावी.

हजार ओळी सर्व्हरकडून एकदम मागवू नयेत. वीसवीसच्या हप्त्याने मागवाव्यात. परंतु ‘दुसरे पान द्या’ असे मागण्यात एक खोच आहे. पहिल्या वीस ओळी पाहून होईपर्यंत वर्णक्रमात आधी येणारे एक नवे नाव नोंदविले गेले, तर विसावी ओळ एकविसावी होते व दुसऱ्या पानावर पुन्हा दिसते. उलट एखादे नाव कमी झाले तर एकविसावी ओळ विसाव्या जागी सरकते, आणि ती ना पहिल्या पानावर दिसते ना दुसऱ्या. ज्याचे नाव असे दोन पानांच्या फटीत पडले, त्याच्या दृष्टीने ती यादीच खोटी. यावर तोड अशी की, पानाचा क्रमांक न मागता ‘मी शेवटी पाहिलेल्या अमुक नोंदीनंतरच्या वीस द्या’ असे मागावे. पोथी वाचणारा पानांची संख्या लक्षात ठेवण्याऐवजी जेथे थांबला तेथे खूण घालून ठेवतो, तसेच हे.

शिळी भाकरी व ताजी भाकरी

रेंज नसतानाही काही दिसावे म्हणून एकदा आलेले उत्तर मोबाईलमध्येच साठवून ठेवतात. त्यासाठी बहुधा एस.क्यू.लाइट नावाचा छोटेखानी डेटाबेस वापरतात. डी. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली प्रसिद्ध केला, कोणालाही विनामूल्य वापरावयास दिला, आणि आज तो प्रत्येक अँड्रॉइड मोबाईलमध्ये असतो. ॲप उघडताच आधी ही घरातील नक्कल दाखवावी, मागोमाग सर्व्हरकडून ताजी प्रत आणून बदलावी, ही रीत चांगली. घरची शिळी भाकरी उपाशी राहण्यापेक्षा बरी. पण ती शिळी आहे हे वाढताना सांगितले पाहिजे. ‘ही माहिती काल सायंकाळी ६ वाजून १० मिनिटांची आहे’ अशी ओळ प्रत्येक यादीच्या माथ्यावर असावी.

जमिनीचे क्षेत्र, गावाचे नाव, खात्याचे शेवटचे चार अंक ही माहिती रोज बदलत नाही. तिची नक्कल चालते. खरेदी केंद्रावर शिल्लक असलेल्या जागा मात्र क्षणाक्षणाला बदलतात. दोघांनी आपापल्या गावी बसून एकाच वेळी ‘शिल्लक : १’ असे वाचले, तर दोघेही खरेच पाहत आहेत, आणि तरी जागा एकालाच मिळणार. पडद्यावरील आकडा म्हणजे उत्तर निघाले त्या क्षणाचे छायाचित्र असते. त्यामुळे अशा ठिकाणी नकलेवर विसंबू नये, आणि दिवस निवडल्यावर सर्व्हरने नोंद क्रमांक देऊन होकार दिल्याखेरीज ॲपने ‘निश्चित झाले’ हे शब्द उच्चारू नयेत. ग्रामस्थांनीही हा क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. पडद्याचे छायाचित्र काढून ठेवले तर उत्तमच. त्यात वेळही दिसते.

वर्गात करून पाहण्याचा खेळ

माध्यमिक शाळेतील शिक्षकांना हा सर्व विषय मोबाईलशिवाय शिकविता येईल. पुठ्ठ्याची चाळीस कार्डे करावीत. प्रत्येकावर एक क्रमांक, एक नाव, गाव, एकर व ‘मंजूर’ किंवा ‘प्रलंबित’ असा शेरा लिहावा. कार्डे शेजारच्या खोलीत ठेवून दोन मुलांना दप्तरदार करावे. वर्गाच्या दारात एक मूल कारकून म्हणून बसवावे, आणि दोघांना शिपाई नेमावे. बाकीची मुले चिठ्ठीवर प्रश्न लिहून आणतील.

पहिल्या फेरीत कार्डे पिसून ठेवावीत आणि एक कार्ड शोधावयास किती कार्डे पाहावी लागली ते फळ्यावर मांडावे. दुसऱ्या फेरीत ती क्रमांकाने लावावीत व मधले कार्ड उघडून पुढे-मागे जाण्याची रीत सांगावी. चाळिसांत सहापेक्षा अधिक कार्डे पाहावी लागत नाहीत, हे मुलांना स्वतः मोजू द्यावे. तिसऱ्या फेरीत शिपाई काढून घ्यावा व कारकुनालाच आत पाठवावे. दारातील रांग किती लवकर कुरकुरू लागते, ते पाहण्यासारखे असते. चौथ्या फेरीत शिपायाच्या कानात हळूच सांगावे की, वाटेतच थांबून राहा. मग दारातील कारकुनाने पाटीवर काय लिहावे, हा प्रश्न वर्गापुढे टाकावा. बरीच मुले ‘नोंद नाही’ असे लिहावयास सांगतील, आणि चर्चा खऱ्या अर्थाने येथून सुरू होईल. शिपायाला सगळ्यांदेखत परत बोलवावे; त्याच्या हातात कार्ड असावे.

कार्डांवरील नावे व सर्व्हे नंबर कल्पित घ्यावेत. गावच्या खऱ्या नोंदी वर्गात आणल्या की कोणाची जमीन किती यावरच मुले बोलू लागतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे पालक शाळेत येतात.